बांधावरच्या अर्जुनाची साल

सोनिवली,
मंगळवार, १८ नोव्हेंबर

राजसी,

तुझ्या त्या जांभळ्या पाण्याने माझ्या घराची वाट लावली, आणि तू तिकडे उल्हासनगरला कॉलेजात बसून अजून बाटल्याच हलवतेस. आशीर्वाद शेवटी लिहीन, राग उतरला तर.

भाऊबीजेला बापाबरोबर आलीस. मी तुझ्या बापाला ओवाळलं, तू करंज्या खाल्ल्यास, मग गप बसायचं ना? नाही. पर्समधून बाटली काढलीस. "मामा, गंमत बघा." जांभळं पाणी. त्यात आपल्या बांधावरच्या अर्जुनाच्या सालीचा अर्क टाकलास आणि बघता बघता पाणी पिवळं झालं. तुझे मामा, म्हणजे आमचे हे, तोंड उघडं टाकून बघत राहिले. तू म्हणालीस, "शरीरातली घाणपण अशीच साफ होते, मामा." म्हणालीस की नाही? मी शेगडीपाशी होते, पण कान माझे बाहेरच होते.

त्याचा त्यांनी व्हिडिओ काढला. गिरणीवर दाखवला, रिक्षास्टँडवर दाखवला, नव्या बिल्डिंगच्या वॉचमनला दाखवला. "माझ्या मेव्हण्याची पोरगी शास्त्रज्ञ आहे." मला वाटलं, दाखवू दे, काय बिघडतंय.

बिघडलं ते आता ऐक. दिवाळी झाल्यावर त्यांच्या छातीत कळ आली. अंबरनाथला हॉस्पिटलात नेलं, हातातून तार घालून बघितलं. डॉक्टर म्हणाला, एक नस बंद होत आलीय, स्प्रिंग टाकावी लागेल. डिसेंबर संपायच्या आत या, आणि तोवर गोळ्या चुकवू नका. ह्यांनी मान हलवली. बाहेर येऊन रिक्षात बसताना मला म्हणतात, "बनू, नसेत जे साचलंय ना, ते सालीने पिवळं होऊन निघून जाईल. राजसीने डोळ्यांसमोर दाखवलंय." घरी आले आणि गोळ्यांची पिशवी देव्हाऱ्यामागे टाकली. आता सकाळी काढा, संध्याकाळी काढा. स्प्रिंगचं नाव काढलं की अंगावर येतात. मी काही बोलले तर, "तू चौथी शिकलेली, ती एम. एस्सी. करतेय." झालं.

हे फोनवर बोलले असते, पण फोन त्यांच्याच खिशात असतो, आणि बोलताना स्पीकर लावतात. म्हणून पत्र. तू पण पत्रच लिही, आणि रखमाबाईच्या गिरणीच्या पत्त्यावर टाक. घरी टाकलंस तर हे फोडतील.

तू ये आणि ज्या तोंडाने सांगितलंस त्याच तोंडाने परत घे. त्यांना काही झालं तर मी तुला सोडणार नाही, भावाची पोर असलीस तरी.

तुझी आत्या,
बनू


उल्हासनगर,
२२ नोव्हेंबर

आत्या,

नमस्कार. तुझं पत्र वाचून लॅबच्या बाहेर जाऊन बसले. तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. मी तसंच म्हणाले होते.

आता खरं काय ते सांगते. ते जांभळं पाणी म्हणजे शरीर नव्हे. ते रक्तही नव्हे. लॅबमध्ये एक जांभळी पूड मिळते, ती मुद्दाम तशी बनवलेली असते, सारखी काहीतरी मागत असलेली. एखाद्या पदार्थाने तिला हवं ते दिलं की तिचा रंग उतरतो. अर्जुनाच्या सालीत टॅनिन असतं, म्हणून ती इतकी तुरट लागते, ते टॅनिन ते काम पटकन करतं. पण आत्या, त्या बाटलीत चहा टाकला तरी रंग उतरतो. आवळा टाक, डाळिंबाची साल टाक, उतरतो. याला अँटिऑक्सिडंट गुण म्हणतात. आमच्या झाडाचा आकडा चांगला आला म्हणून मी हवेत होते. पण काचेच्या नळीत जे होतं ते माणसाच्या पोटात गेल्यावर तसंच होतं, असं मला सिद्ध करता येत नाही. आणि बंद झालेली नस त्याने उघडते, असं तर कुणीच सांगू शकत नाही.

मी मामांना फोन केला. हे सगळं सांगितलं. ते हसले. म्हणाले, "पोरी, बनूने तुला दम दिलेला दिसतोय. घाबरू नको, तुझं नाव खराब होऊ देणार नाही मी." मग मी फोन ठेवला.

मला आत्ता येता येत नाही. पुढच्या आठवड्यात कॉलेजात माझा सेमिनार आहे, गाईड मॅडम रोज बसवून घेतात. पण एक लक्षात ठेव. काढा पितात तर पिऊ देत, फक्त गोळ्या थांबता कामा नयेत. काहीही कर, पण गोळ्या त्यांच्या पोटात गेल्या पाहिजेत.

तुझी,
राजसी


सोनिवली,
रविवार, ३० नोव्हेंबर

राजसी,

तुझा सेमिनार मोठा, मामा लहान. असो.

तू सांगितलंस ते केलं. गोळ्या जाताहेत पोटात. कशा जाताहेत ते विचारू नको, मी सांगणार नाही. पण जाताहेत, रोज, दोन्ही वेळा. एवढं वाचून झोप.

माणूस सुधारलाय. आधी न्हाणीपर्यंत जाताना दम लागायचा, आता बांधापर्यंत चालत जातात. तोंडावर रंग आलाय. रात्री घोरतात, त्याचासुद्धा मला आनंद होतो, बघ मी कशी येडी झालेय.

पण आता दुसरंच सुरू झालंय. हॉस्पिटलातून फोन आला होता, स्प्रिंगसाठी तारीख घ्या म्हणून. ह्यांनी त्या पोरीला फोनवर लेक्चर दिलं. "मॅडम, मी झाडाने बरा झालोय, तुमच्या डॉक्टरांना व्हिडिओ पाठवू का?" जितके बरे होतात तितके हॉस्पिटलापासून लांब पळतात. मी कुठून कुठे आले ते माझं मलाच कळत नाही.

आणि गिऱ्हाईकं लागलीत. ते नव्या बिल्डिंगमधले चिंतामणीसाहेब, रंगाच्या कंपनीतून रिटायर झालेले, सकाळी पांढरे बूट घालून फिरतात ते. तू बघितलेस भाऊबीजेला, पेढे घेऊन आले होते. ते रोज दारात. "बाळाजीराव, काय मस्त दिसताय! आम्हालापण द्या की तुमचं औषध." त्यांना बीपी आहे, गोळ्यांचा कंटाळा आलाय म्हणे. मी म्हटलं, साहेब, साल अशी भाजीसारखी कापून नेत नाहीत. आदल्या दिवशी संध्याकाळी झाडाच्या बुंध्याला हळद-कुंकू लावायचं, तांदूळ ठेवायचे आणि सांगायचं की उद्या येते, अमक्याच्या दुखण्यासाठी पाहिजे. ज्याच्यासाठी पाहिजे त्याचं नाव घ्यायचं. मग दुसऱ्या दिवशी उगवतीच्या अंगाला हाताच्या तळव्याएवढीच काढायची, आणि जखमेवर शेण-माती लिंपायची. सगळीकडून सोललं तर झाड मरतं. साहेब हसले. म्हणाले, "बनूताई, मग माझं नाव पण सांगा ना झाडाला." सांगितलं. साल काढून दिली. नीलिमाताईंना, म्हणजे त्यांच्या मिसेसला, उकळायचं कसं तेही दाखवलं. दुधात, मंद आचेवर. बाई भली आहे, स्वतः वाटीत घेऊन चाखून बघितलं आणि तोंड वाकडं केलं.

तुला ये म्हटलं होतं, त्याचं काय झालं?

आत्या


उल्हासनगर,
५ डिसेंबर

आत्या,

तुझं पत्र वाचून इतकं बरं वाटलं की मी ते दोनदा वाचलं. मामा बांधापर्यंत चालतात! तू काय जादू केलीस ते विचारत नाही, पण तुझ्या पाया पडते.

सेमिनार झाला. मॅडम खूश आहेत. एक सांगू का, रागावू नको. शेवटी प्रश्न आला की या सालीचा लोक प्रत्यक्ष वापर करतात का. मी म्हणाले, हो, माझ्या घरातच एक रुग्ण घेतोय आणि त्याला फरक पडलाय. गोळ्यांचं बोलले नाही. ते बोलायला हवं होतं, हे मला तिथेच कळत होतं. पण टाळ्या वाजल्या आणि मी खाली बसले.

मॅडम म्हणाल्या, प्रोजेक्टमध्ये हे एका ओळीत घाल. ५ जानेवारीला जमा करायचाय. शिवाय नमुना संपत आलाय, त्याच झाडाची थोडी साल लागेल. तू म्हणतेस तशीच काढ, नाव घेऊन. माझं नाव घेतलंस तरी चालेल.

चिंतामणीकाकांना सांग की गोळ्या बंद करू नका. मामांचंही बघ, स्प्रिंगची तारीख लांबवू नका. मी जानेवारीत नक्की येते.

तुझी,
राजसी


सोनिवली,
रविवार, १४ डिसेंबर

राजसी,

साल पाठवणार नाही. वाच आणि बस.

चिंतामणीसाहेब पडले. मंगळवारी सकाळी, आमच्याच बांधाच्या रस्त्याला. पांढरे बूट चिखलात, तोंड एका बाजूला ओढलेलं. ह्यांनीच आधी बघितलं, ह्यांनीच रिक्षावाल्याला हाका मारल्या. आता बदलापूरला हॉस्पिटलात आहेत. उजवी बाजू गेली. डोळे उघडतात, बोलता येत नाही. डॉक्टर म्हणाला बीपी डोक्यात गेलं, गोळ्या कधीपासून बंद होत्या? बंद कशाने झाल्या, तर आमच्याकडे बघून. "बाळाजीराव नुसत्या काढ्यावर ठणठणीत आहेत, मग मी कशाला गोळ्या गिळू?" असं बायकोला म्हणाले म्हणे.

नुसत्या काढ्यावर!

तू लिहिलं होतंस काहीही कर. मी केलं. देव्हाऱ्यामागची पिशवी काढली. वेलची कुटायचा छोटा खलबत्ता आहे ना माझा, त्यात गोळ्या कुटायची, अगदी पीठ, आणि काढ्यात घालून ढवळायची. काढा इतका तुरट की त्यात काय आहे ते जिभेला कळतच नाही. गोळ्या संपल्या तेव्हा हॉस्पिटलची चिठ्ठी दाखवून दुकानातून पुन्हा आणल्या. त्यांना कळलं नाही. ते बरे होत गेले आणि मी आपली मनात खूश, की बघा, चौथी शिकलेली पण कसं जमवलं. बाई, मला वाटत होतं मी एकट्या माणसाला फसवतेय आणि तेही त्याच्या भल्यासाठी. त्यांच्याकडे बघून दुसरा माणूस फसेल, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. गावभर ते छाती पुढे काढून फिरत होते आणि त्या छातीत माझ्या गोळ्या होत्या.

तुझं पत्र आल्यावर मी साहेबांना सांगितलं होतं का, गोळ्या चालू ठेवा म्हणून? सांगितलं. पण कसं सांगितलं? चहा देता देता. ते म्हणाले, "बाळाजीराव घेतात का?" आणि हे समोर बसलेले. मी म्हटलं, "नाही." एवढा एकच शब्द. तेव्हा खरं बोलले असते तर घरात भांडण झालं असतं, बस. भांडणाला भ्याले मी. मी! सगळं सोनिवली माझ्या तोंडाला भितं.

झाडाला त्या माणसाचं नाव मी स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं गं.

हे रोज बदलापूरला जाऊन बसतात. परत आले की म्हणतात, "साहेबांनी काढा नीट घेतला नसणार, नाहीतर असं झालंच नसतं." आणि माझ्याकडे पेला मागतात. मी देते. गोळ्या घालूनच देते. थांबवू कशी? थांबवलं तर हे जातील, चालू ठेवलं तर खोटं चालू राहतं.

तू शिकलेली आहेस. मला सांग काय करू.

बनू


उल्हासनगर,
१८ डिसेंबर

आत्या,

मला रडूच येतंय. तुझ्याइतकीच मी यात आहे. पहिली बाटली माझी होती, आणि "काहीही कर" हेही माझंच.

आधी महत्त्वाचं. गोळ्या कुटणं ताबडतोब थांबव. काही गोळ्या पोटात हळूहळू विरघळाव्यात म्हणून तशा बनवलेल्या असतात, त्या कुटल्या तर सगळा जोर एकदम लागतो. सगळी पाकिटं घेऊन डॉक्टरांकडे जा आणि काय केलंस ते त्यांना खरं सांग. मामांनी आता अख्खी गोळी पाण्याबरोबर घेतली पाहिजे, म्हणजे मामांना सांगावंच लागेल.

सेमिनारमध्ये बोलले ते मी मॅडमना सांगून परत घेतेय. ती ओळ प्रोजेक्टमध्ये जाणार नाही. निदान तसा मी प्रयत्न करतेय, अजून बोलणं झालेलं नाही.

आत्या, एक विनंती. मामांना सांग, पण नीलिमाकाकूंना इतक्यात काही सांगू नकोस. त्यांना आत्ता ते सहन होणार नाही. आणि गोष्ट पसरली तर माझं नाव येईल, कॉलेजचं येईल, मॅडम जमा करायच्या आधीच प्रोजेक्ट थांबवतील. ५ जानेवारी झाली की मी स्वतः येते, आपण दोघी मिळून बोलू. तोवर गप्प राहा ना. माझ्यासाठी.

राजसी


सोनिवली,
सोमवार, २२ डिसेंबर

राजसी,

तुझं पत्र गिरणीतच उभं राहून वाचलं. रखमाबाई विचारत होती, काय झालं, कोण गेलं? मी म्हटलं, कोणी नाही, पीठ दे.

"माझ्यासाठी गप्प राहा." गप्प राहूनच हे सगळं झालंय, पोरी. मी भांडणाला भिऊन गप्प, तू टाळ्यांना भुलून गप्प. आता अजून गप्प राहायला सांगतेस, कारण तुला कागद जमा करायचेत.

ह्यांना सांगितलं. शुक्रवारी, भाजी निवडताना. खलबत्ता समोर ठेवला आणि सगळं बोलले, एका दमात, नाहीतर बोलले नसते. मला वाटलं होतं हात उगारतील. नाही. मेथीच्या काड्या बाजूला सारत बसले. मग म्हणाले, "म्हणजे मी बरा झालोच नव्हतो."

मी म्हटलं, "झाला होतात, गोळ्यांनी."

"मग चिंतामणीला मी काय दाखवत फिरत होतो?"

मी खलबत्ता उचलून आत नेला.

दुसऱ्या दिवशी स्वतःच डॉक्टरकडे चला म्हणाले. गेलो. मी सगळं सांगितलं. डॉक्टरने मला जे ऐकवलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही, पण बरोबर होतं. येत्या सोमवारी, २९ तारखेला स्प्रिंगसाठी बेड दिलाय, त्यापुढे थांबू नका म्हणाला. मला वाटलं, चला, एवढं तरी झालं. तर घरी येऊन हे खाटेवर बसले आणि म्हणाले, "मी जाणार नाही."

मी म्हटलं, "आता कशाला? आता तर तुम्हाला कळलंय."

"कळलंय म्हणूनच. नीलिमावहिनींना हे कळल्याशिवाय मी माझी छाती दुरुस्त करून घेणार नाही. तिचा माणूस माझ्यावर विश्वास ठेवून आडवा पडलाय. तिकडे त्याला घास भरवायला लागतो आणि मी इकडे नवा होऊन येऊ? कुठल्या तोंडाने?"

गोळ्या घेतात, अख्ख्या, माझ्या हातून नाही, स्वतः काढून. काढा बंद. पण सोमवारी जाणार नाहीत. मी रागावले, रडले, तुझ्या बापाचं नाव घेतलं, काही उपयोग नाही. हा माणूस आयुष्यात कधी शब्दाला एवढा पक्का नव्हता, आत्ताच कुठून सुचलं कोण जाणे.

म्हणून काल मी बदलापूरला गेले. एकटी. ठरवून गेले की बाईला सांगायचं आणि मोकळं व्हायचं. साहेब झोपले होते. नीलिमाताई बाहेर बाकड्यावर बसल्या होत्या, केस विंचरलेले नाहीत, अंगावर परवाचीच साडी. मी बाजूला बसले. तोंड उघडणार तोच त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "बनूताई, खरं सांगा हं. तुमच्या यजमानांना मानवलं आणि आमच्यांनाच का नाही? माझंच चुकलं ना? तुम्ही मंद आचेवर सांगितलं होतंत, मी घाईत मोठा गॅस केला दोन-तीन वेळा. साल जळली असेल का? त्याने विष झालं का? मी कुणाला बोलले नाही. मुलाला पण नाही."

राजसी, ती बाई स्वतःला गुन्हेगार समजून बसलीय. गॅस मोठा केला म्हणून!

आणि मी काय केलं? मी म्हटलं, "राहू द्या ताई. होतं असं."

होतं असं! म्हणजे मी तिच्या चुकीला हो म्हणून आले. माझ्या अंगावरचं उचलून तिच्या पदरात टाकलं आणि रिक्षात बसले. तिने मला निघताना नमस्कार केला. मला केला.

घरी येऊन ह्यांना सांगायची हिंमत झाली नाही. आज सांगितलं. त्यांनी फक्त तोंड फिरवलं.

आता ऐक. मी एकटीने सांगितलं तर ती बाई मानणार नाही. ती म्हणेल, बनूताई मला बरं वाटावं म्हणून बोलतेय. तिचा माझ्यावर विश्वास नाही, तुझ्यावर आहे. तू शिकलेली, कॉलेजातली, तुझा व्हिडिओ तिच्या नवऱ्याच्या फोनमध्ये अजून आहे. तू समोर बसून सांगितलंस की मोठ्या गॅसने काही होत नाही, मंद आचेवर उकळलं असतं तरी हेच झालं असतं, आणि आमच्या काढ्यात गोळ्या होत्या, तरच ती मानेल. तुझ्या बाजूला मी बसेन. शिव्या मी खाईन, तू नुसतं खरं सांग. ह्यांनाही घेऊन जाऊ.

शनिवारी सकाळी बदलापूर स्टेशनवर ये. रविवार मधे ठेवलाय, ह्यांना उपाशी राहायचं, सामान भरायचं त्यासाठी. शनिवारी झालं तर सोमवारी हा माणूस हॉस्पिटलात जाईल. नाही झालं तर नाही जाणार, आणि मी त्याला उचलून नेऊ शकत नाही.

तुझ्या मॅडम, तुझे कागद, तुझी ५ जानेवारी, मला काही सांगू नको. येतेस की नाही, एवढंच सांग. लांबलचक नको, रडू नको, माफी तर मुळीच नको. गुरुवारची नाताळची सुट्टी धरून पत्र पोचणार नाही, म्हणून यावेळी फोन कर, ह्यांच्या खिशातल्या फोनवरच कर, स्पीकर चालू असला तरी चालेल. शुक्रवारी दिवे लागायच्या आत मला हो किंवा नाही ऐकायचंय.

बनू